खिशावरची कोंबडी

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही – आमच्या ह्यांनाही नाही. ते म्हणाले असते, "एवढंसं तर आहे." एवढंसंच आहे का? तुम्हीच ऐका.

विश्रांतवाडीच्या आमच्या सोसायटीत तळमजल्यावर लष्करातून निवृत्त झालेले एक हवालदार राहायचे. आम्ही त्यांना काका म्हणायचो. मला लेकीसारखं मानायचे. मंडईला निघाले की जिन्यातून हाक यायची, "पोरी, कोथिंबीर आणू का?"

एका पंधरा ऑगस्टला त्यांचा एकाहत्तरच्या लढाईतला शर्ट सोसायटीच्या हॉलमध्ये मांडायचं ठरलं. मी शिवणकाम करते, म्हणून तो नीट करायला माझ्याकडे आला. खांद्यावर पलटणीचा बिल्ला, नियमाप्रमाणे. आणि खिशावर – कोंबडी. लाल कांबळ्याच्या तुकड्याची, वेड्यावाकड्या टाक्यांची. त्यांच्या खंदकात एक कोंबडी येऊन राहिली होती म्हणे. एका सोबत्यानं सगळ्यांना तसले बिल्ले शिवून दिले. नियमात बसत नव्हते, पण साहेब बघून न बघितल्यासारखं करायचे. तो सोबती परत आला नाही.

हे सगळं मला काकांनीच सांगितलं होतं. तरी मी ती उसवली. का? पाहुणे म्हणून एक निवृत्त कर्नल येणार होते. ते काकांना हसतील, असं मी मनाला समजावलं. खरं म्हणजे – शर्ट कसा नीटनेटका केलाय, असं मला ऐकायचं होतं. कोंबडी चिंध्यांबरोबर कचऱ्यात गेली.

काकांनी खिशावरून बोट फिरवलं. "कोंबडी कुठे गेली गं?"

"इस्त्रीला दिला होता ना... तिथेच पडली असेल."

कार्यक्रमात कर्नल शर्टापाशी बराच वेळ थांबले. "आम्ही खिशावर विंचवाचा बिल्ला लावायचो. तुमच्यात नव्हतं असलं काही?"

"होतं," काका म्हणाले. "हरवलं."

काकांनी विचारल्यावर कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला आधी म्हणाला, "मी तर बघितलीच नाही." मग त्याला स्वतःचाच संशय यायला लागला. चार दिवस त्यानं गाठोडी उपसली, शेवटी काकांच्या पाया पडला. काकांनीच त्याला उठवलं, चहा पाजला. मी तिथेच उभी होते, कपडे घ्यायला आलेली. एक वाक्य पुरलं असतं – नाही बोलले.

काकांना जाऊन दोन वर्षं झाली. इस्त्रीवाला अजून तिथेच आहे. माझ्याकडून कपडे घेताना एकेक बटण तपासून, मला दाखवून मगच बाजूला ठेवतो. त्याच्या हातून काहीही हरवलं नव्हतं. मी खोटं बोलले, आणि ते त्याच्या माथी मारलं.