जहाज बुडालं का?

आज नेरूळच्या खाडीकाठी नातीने चपटा दगड फेकून पाण्यावर तीन भाकऱ्या काढल्या आणि त्या खारट चिखलाच्या वासात मला सावंत आठवले.

पंचवीस वर्षांपूर्वी मी सोसायटीचा सेक्रेटरी होतो. लढाईत बॉम्बफेकी विमान चालवलं म्हणून सांगणारा हा नवा भाडेकरू मला पहिल्यापासून थापाड्या वाटायचा. म्हणून एका सकाळी फिरायला नेऊन मी त्यांना इथेच खोदून विचारलं.

त्यांनी वाकून दगड भिरकावला. "विमान पाण्याला लगटून न्यायचं. बॉम्ब अस्साच टप्पे घेत जहाजावर आदळतो." दगड बुडायच्या आतच त्यांनी तोंड फिरवलं होतं.

"मग जहाज बुडालं का?"

"काय माहीत! बॉम्ब सुटला की जीव घेऊन पळायचं. मागे कोण बघतो?"

पकडला, म्हटलं मनात. सव्वीस जानेवारीला झेंडा त्यांच्या हातून फडकवायचं चाललं होतं, ते मी हाणून पाडलं. त्या दिवशी सावंत मागच्या रांगेत ताठ उभे होते.

नातीचा दगड बुडाला तिथे मी बराच वेळ बघत राहिलो. थापाच मारायच्या असत्या, तर सावंतांनी जहाज बुडवलं नसतं?