बोर्डीचे चिकू आणि बायकोचं ‘ले’

अकोल्याच्या माणसानं समुद्रावर जायचं ठरवलं की लोक आधी विचारतात, गोवा का? नाही म्हटलं तर मग कोकण का? मी बोर्डी म्हणालो तर आमच्या पाटबंधारे ऑफिसात कुणी पुढचा प्रश्नच विचारला नाही. कुणाला माहीतच नव्हतं. म्हणून आधी सांगून टाकतो. बोर्डी पालघर जिल्ह्यात, डहाणूच्या वर, पार गुजरातच्या हद्दीला टेकलेलं गाव आहे. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला चिकूच्या वाड्या, आणि त्याच चिकूची तिथे वाइन करतात. हे वाचल्यापासून मी नादावलो होतो. मुलगी हॉस्टेलला गेलेली, घर मोकळं, रजा शिल्लक. निवांत पडायचं, मासळी खायची, वाइन चाखायची आणि एकही मंदिर किंवा किल्ला बघायचा नाही, असा माझा बेत होता.

बेत मी सुजाताला, म्हणजे बायकोला, मोठ्या ऐटीत सांगितला. ती म्हणाली, “बोर्डी? तिथे तर आपला प्रमोद असतो.”

हा ‘आपला’ प्रमोद मी लग्नानंतर इतक्या वर्षांत कधी पाहिला नव्हता. हा मूळचा तिवशाचा. अमरावतीला डी.एड.ला सुजाताच्या वर्गात होता. शिक्षकाची नोकरी लागली ती थेट डहाणू तालुक्यात, तिथलीच मुलगी केली आणि आता सासऱ्याच्या चिकूच्या वाडीत पाहुण्यांसाठी खोल्या चालवतो. सुजातानं त्याच दिवशी फोन केला, खोली ठरली, दोघांच्या जेवणासकट दिवसाचे तीन हजार. मी शोधून ठेवलेली तिन्ही ठिकाणं मोबाइलमध्येच राहिली. पोटात पहिली कळ तेव्हाच आली, पण मी म्हटलं जाऊ दे, ओळखीचं माणूस बरं असतं.

जाणाऱ्यांसाठी: अकोल्याहून सरळ गाडी नाही. कल्याणकडून जाता येतं, पण मला वाटतं भुसावळ-नंदुरबारवरून सुरतेचा रस्ता बरा. अमरावतीहून सुटणारी सुरत गाडी रोज नसते, वार बघून रजा टाका. सकाळी बसलो, तिखट पुऱ्या आणि ठेचा खात संध्याकाळी सुरत. स्टेशनजवळच्या लॉजमध्ये मुक्काम केला आणि सकाळच्या हळू चालणाऱ्या गाडीनं घोलवडला उतरलो. घोलवडहून बोर्डी रिक्षाच्या अंतरावर आहे. सोबत संत्र्यांची पेटी होती. वरूडला माझ्या चुलतभावाची बाग आहे, त्यानं निवडून भरली होती. प्रवासात तिनं माझे हात तोडले, पण चिकूवाल्यांना दाखवून द्यायचं होतं.

प्रमोद स्टेशनवर घ्यायला आला होता. डोक्यावर चंद्र, पोट सुटलेलं, हसू मात्र कॉलेजातलं. मला म्हणाला, “जय भीम, जावईबापू.” आणि मग बायकोकडे वळून, “कावं सुजाता, लय दिवसानं आली वं.”

आणि माझी बायको, जिल्हा परिषदेच्या शाळेत मराठी शिकवणारी, माझ्याशी कायम छापील बोलणारी माझी बायको म्हणाली, “मी तर तुले ओळखलंच नाई. केस कुठी गेले तुहे?”

पुण्या-मुंबईच्या वाचकांना हे वाचून काहीच होणार नाही. त्यांना समजावून सांगतो. आम्ही वऱ्हाडी माणसं ‘मला’ला ‘मले’ म्हणतो, ‘तुला’ला ‘तुले’. ‘का’ला ‘काहून’, ‘पाहा’ला ‘पाय’. मी ऑफिसात, कालव्यावर, चहाच्या टपरीवर ‘ले’मध्येच बोलतो. पण घरी आलो की चपला काढतो आणि चपलांबरोबर ‘ले’सुद्धा दाराबाहेर काढून ठेवतो. बायको मराठीची बाई आहे, तिला चालत नाही, म्हणून. लग्नापासून माझ्या घरात ‘ला’ चालतो. तिच्या माहेरी, मूर्तिजापूरला, ती आईशी ‘ले’ करते हे मला ठाऊक होतं. माहेर ते माहेर, तिथे मी बोलायचं नसतं. पण परक्या पुरुषाला? तेही पहिल्याच वाक्यात? अंगाचा तिळपापड झाला माझ्या. घोलवड ते बोर्डी रस्त्याला दुतर्फा झाडी आहे म्हणतात, मला नाही दिसली.

वाडी मात्र सुंदर आहे हो. खोटं कशाला बोलू. गर्द सावली, खाली झाडून काढलेली माती, बाज टाकलेली. डिसेंबरात आमच्याकडे दोन गोधड्या लागतात, तिथे अर्ध्या बाहीत बसता येतं. प्रमोदची बायको हर्षला, तिच्या हातचे ओले बोंबील तळलेले असे होते की मी रागातसुद्धा दुसऱ्यांदा मागून घेतले. संत्र्यांची पेटी उघडली. हर्षला म्हणाली, “नागपूरची का?” मी म्हणालो, वरूडची. नागपूरला फक्त नाव मिळतं, फळ आमचं असतं. ती बरं म्हणाली आणि एक सोलून बाजूला ठेवलं.

दुसऱ्या दिवशी वाइनरी. इथे कुणी फोटोतले द्राक्षमळे मनात धरून जाऊ नका. वाड्यांच्या मधोमध शेड आहे, आत स्टीलच्या टाक्या, बाहेर झाडाखाली टेबलं. पैसे भरले की छोट्या पेल्यांतून चार-पाच प्रकार चाखायला देतात आणि एक मुलगी माहिती सांगते. चिकूची वाइन आधी गोडसर लागते, मग घशाला जरा तुरट. मला आवडली, हेच तर दुखलं. चिकू! आमच्याकडे आजाऱ्याला भेटायला जाताना लोक संत्री-मोसंबी नेतात, चिकू कुणी धरत नाही हातात. त्याची इथे वाइन, त्याचं लोणचं, त्याचा हलवा, त्याच्या झाडाखाली मुंबईचे लोक टोप्या घालून फोटो काढून घेत होते. आमच्या संत्र्यानं काय घोडं मारलं होतं? वरूडला ट्रकच्या ट्रक भरून माल जातो, पण बागेत कुणी पाहुणा खुर्ची टाकून बसलेला मी पाहिला नाही. मी त्या मुलीला विचारलं, संत्र्याची करता का? ती म्हणाली, करून बघायला हरकत नाही, नागपूरची संत्री छान असतात. मी पेला खाली ठेवला.

मागच्या टेबलावर प्रमोद आणि सुजाता. कुठल्याशा मॅडमच्या तासाला यानं काय उत्तर दिलं होतं ते तिला पुन्हा ऐकायचं होतं. “सांग ना, बाप्पा,” ती म्हणत होती, “मले हसू आवरून नाई रायलं.” ती हसताना मान मागे टाकते हे मी पहिल्यांदा पाहिलं. एवढी वर्षं संसार करून कुणाला असं काही पहिल्यांदा दिसलं तर त्यानं काय करावं, मला माहीत नाही. मी सगळे पेले संपवले.

दुपारी हर्षला अंगणात उबाडियूची तयारी करत होती. हा इकडचा थंडीतला प्रकार. वालाच्या शेंगा, रताळी, कंद मडक्यात भरायचे, तोंड पाल्यानं बंद करायचं, मडकं उपडं घालून भोवती जाळ करायचा. रस्त्याकडेलाही मिळतं, आवर्जून खा. मी शेंगा निवडायला बसलो, कारण दुसरीकडे बसवत नव्हतं. वाडीत ते दोघं अजून अमरावतीतच होते. हर्षला निवडलेल्या शेंगा मडक्यात भरत होती. मग शेंगांकडेच बघत म्हणाली, “तुमच्या बाई आल्यापासून हे वेगळेच माणूस झालेत. माझ्याशी हे अगदी पुस्तकातलं बोलतात. त्यांचं हे बोलणं मला अर्धंच कळतं, पण राग मात्र पूर्ण येतो.”

मी तिच्याकडे पाहिलं. बोंबील वाढणाऱ्या बाईचं पोटही माझ्याच पोटासारखं दुखत होतं. मी म्हणालो, वहिनी, मला तर पूर्ण कळतं, तरी तेवढाच येतो. मडकं भरेपर्यंत आम्ही दोघं आपापल्या माणसावर यथेच्छ जळलो. उबाडियू मात्र झकास झालं.

संध्याकाळी सुजाताला घेऊन समुद्रावर गेलो. बोर्डीचा समुद्र ओहोटीला इतका मागे सरतो की पाण्यापर्यंत पोचायला चालत राहावं लागतं. सुरूची झाडं मागे पडली, माणसंही. तेव्हा मी विचारून टाकलं.

“तू माझ्याशी कधी असं बोलत नाहीस.”

“असं म्हणजे?”

“‘ले’मध्ये.”

ती थांबली. मला वाटलं चिडेल, शहाणपण शिकवेल. ती म्हणाली, “तुम्हाला नाही ना आवडत.”

कुणी सांगितलं? तर म्हणे, मीच. मूर्तिजापूरला मी तिला पाहायला गेलो होतो तेव्हा मी विचारलं होतं, ‘आपल्याला वाचनाची आवड आहे का?’ ते ‘आपल्याला’ ऐकून तिची आई आत जाऊन म्हणाली, पोरगं लय शुद्ध बोलते, तू बी सांभाळून बोल. आणि ती सांभाळून बोलली. तेव्हापासून आजपर्यंत.

आता माझी बाजू ऐका. त्याच दिवशी मूर्तिजापूरच्या फाट्यावर मामानं जीप थांबवून मला दम दिला होता, “पोरगी मराठीची मास्तरीण हाय. ले-बिले करशीन तर हातची जाईन.” ते ‘आपल्याला’ मी फाट्यापासून पाठ करत नेलं होतं.

म्हणजे ती माझ्यासाठी आणि मी तिच्यासाठी. संसारभर दोघंही पाहुण्यासारखं बोललो, एकाच घरात. आणि जी बोली मी उंबऱ्याबाहेर ठेवत होतो, ती तिलाही हवी होती. ती हसायला लागली. मला हसू आलं नाही. मी म्हणालो, मग आता बोल. तिनं खूप प्रयत्न केला. “तुमाले... भूक लागली का?” असं धड्यातलं वाक्य वाचल्यासारखं निघालं. मी “मले नाई लागली” म्हणालो, तेही नाटकातलं. दोघं लाजलो. “नाही जमत हो,” ती म्हणाली, आणि आम्ही परत ‘ला’ बोलत सुरूच्या झाडांकडे चालत आलो. प्रमोदला एका वाक्यात मिळालं ते मला मागूनही मिळेना. त्या रात्री मी प्रमोदवर आधीपेक्षा जास्त जळलो, हे लिहायला मला लाज वाटत नाही.

निघताना प्रमोदनं खोलीचे पैसे घ्यायला नकार दिला. मी मोजून दिले. जावई असलो तरी फुकटचा नाही. हर्षलानं चिकूची पेटी दिली, संत्र्यांच्याच खोक्यात. परतीच्या गाडीत आम्ही एक-दोनदा ‘ले’ची खटपट केली आणि जळगावपर्यंत सोडून दिली.

घरी पोचलो. दारात उभे, सामान पायाशी, आणि किल्ली सापडेना. सुजातानं तिची पर्स उपसली, माझी बॅग उपसली. किल्ली निघाली माझ्या शर्टाच्या वरच्या खिशातून, तीही तिचं सगळं उपसून झाल्यावर मी काढून दाखवली. आणि माझी बायको फुटली.

“काय माणूस हाय वो तुमी! अर्ध्या घंट्यापासून मी इथी पर्स उलटी करून रायली, अन् तुमी खिशात किल्ली घेऊन पायत उभे? एक काम सांगतलं होतं तुमाले, किल्ली सांभाळा म्हनून. डोकं हाय का भोपया?”

शेजारच्या काकू दार उघडून बघायला आल्या. मी किल्ली हातात धरून उभा. शिव्या खाऊन एवढं बरं मले आयुष्यात कधी वाटलं नव्हतं. मी काहीच बोलत नाही म्हटल्यावर तिला आपलंच ऐकू आलं, आणि ती तोंडावर हात ठेवून आत पळाली.

वाइनची बाटली कपाटात आहे, संत्र्याची मिळेपर्यंत उघडायची नाही असं मी ठरवलंय. चिकू संपले. पण त्या संध्याकाळी चहा मांडताना आतून आवाज आला, “साखर किती टाकू वो तुमाले?” आणि हे चिडून नव्हतं.

तेवढ्यात प्रमोदचा मेसेज आला, पोचले का? मी लिहिलं, पोचलो. मग हर्षला वहिनी आठवली, शेंगांकडे बघत बोललेली. खाली आणखी एक ओळ टाकली: एकदा वहिनीवर तुह्या भाषेत चिडून पाय.