उपासाच्या काकूंचा गुरुवार

आमच्या कारंज्यात उपासाच्या काकूंइतके कडक उपास करणारं दुसरं कोणी नव्हतं, आणि त्यांच्याइतकं चवीनं जेवणारंही कोणी नव्हतं. पहिली गोष्ट सगळ्या गावाला ठाऊक होती. दुसरी बरेच दिवस फक्त आम्हां पाच सुनांना. काकूंना जाऊन आता बरीच वर्षं झाली, आमच्या सासवाही राहिल्या नाहीत, तेव्हा आता सगळी हकीकत सांगायला हरकत नाही. पण त्या काळी ही गोष्ट वेळेआधी बाहेर फुटली असती तर आमच्यातल्या एकीचा तरी संसार मोडला असता.

कारंजा घाडगे म्हणजे मागे टेकड्या आणि पुढे नागपूर-अमरावतीचा रस्ता. रस्त्यावर ट्रक आणि ट्रकवाल्यांसाठी धाबे. पंजाबातून आलेल्या अनोळखी ड्रायव्हरला आमच्या गावात तव्यावरची गरम रोटी मिळायची. ती गावातल्या सुनेला मात्र मिळत नसे. आमच्या घरी आधी दुकानातले पुरुष जेवत, मग पोरं, मग सासूबाई, मग आम्ही. तोवर वांग्याच्या भाजीतली वांगी संपलेली असत आणि नुसता रस्सा उरलेला असे. पोळ्या वातड झालेल्या. कोणी दुष्ट नव्हतं हो, तशी रीतच होती. रीत म्हटली की कोणाच्या नावानं बोटं मोडायचीही सोय नसते.

काकू मास्तरांची विधवा. मास्तर गेले तेव्हा त्या चाळिशीच्याही नव्हत्या. मास्तर गेल्यावर लोकांनी त्यांचा कांदा-लसूण बंद केला, मग मसाला, मग गोडधोड. काकूंनी वाद घातला नाही. उलट त्यांनी इतके उपास धरले, इतक्या पोथ्या वाचल्या, की गावात त्यांचा शब्द खाली पडेनासा झाला. कोणाकडे व्रताचं उद्यापन असो की पोथीचं पारायण, आधी काकूंना बोलावणं. मी नवी सून असताना एकदा त्यांच्याकडे विरजण मागायला गेले, तर बाई पाटावर बसून तर्री आलेला पाटोडीचा रस्सा भुरकत होत्या. मी दारातच थिजले. त्यांनी शांतपणे दुसरा पाट मांडला. म्हणाल्या, "नवरा मेला, माही जीभ नाई मेली. बस. गरम हाये तोवर खाऊन घे."

तिथून पुढे आमचा गुरुवार सुरू झाला. युक्ती अशी, की काकूंनी गावात मौनाचं व्रत जाहीर केलं. सुनांनी सकाळपासून निरंकार राहायचं, दुपारी काकूंच्या घरी पोथी ऐकायची आणि दिवे लागेपर्यंत कोणाशी बोलायचं नाही. दार आतून बंद, मध्येच कोणी आलं तर व्रत मोडतं. सासवा एकदम खूश. सून दिवसभर उपाशी आणि वर मुकी, याहून सासूला आणखी काय हवं?

आत एकीनं खड्या आवाजात पोथी वाचायची आणि बाकीच्यांनी जेवायचं. वाचणारी आपल्या पाळीनं बदलायची, आणि तिच्यासाठी काकू वेगळं ताजं करायच्या. वास बाहेर जाऊ नये म्हणून खिडकीत धुपाटणं. मांडे असले की पंचाईत व्हायची, कारण मांड्याची कणीक हातांवर आपटून आपटून वाढवावी लागते आणि तो आवाज रस्त्यापर्यंत जातो. त्या दिवशी पोथी वरच्या पट्टीत. काकूंची ताकीद एकच होती, "आवाज थांबला का गल्ली कान टवकारते. दारात साप आला तरी वाचत राहाजो."

आणि काय काय खाल्लं आम्ही त्या घरात! उन्हाळ्यात काडीवर गुंडाळून केलेले सरगुंडे आणि आमरस, थंडीत कोवळ्या तुरीच्या दाण्यांची आमटी, कोथिंबीर भरलेली पुडाची सांभारवडी, कवठाची चटणी. जिन्नस आमच्याच घरांतून यायचे, कोणाच्या पदरातून मूठभर डाळ, कोणाच्या झोळीतून खसखस. काकू स्वतः कधी आधी जेवल्या नाहीत. तव्यावरून पोळी थेट ताटात टाकायच्या आणि समोर उभ्या राहून पाहायच्या. "पहिला घास डोये मिटून खाजो. घाई कायले करता? आज तुमच्या मागं कोनी नाई." मी बारा माणसांच्या घरात नांदत होते, पण मला वाढायला उभं राहिलेलं माणूस मी लग्नानंतर तिथंच पाहिलं. पहिल्या दिवशी मला रडू फुटलं होतं, हेही सांगून टाकते.

मी एकदा विचारलं, "काकू, पाप नाही का हो लागायचं?" त्या उलथनं हातात धरून हसल्या. "देवाले उपाशी पोरी पाहून आनंद होते काय वो? त्यानं पोथी ऐकली, तुमी जेवल्या. कोनाचं काय गेलं?"

मग आमच्यात सुमन आली. काकूंच्या घरासमोरच तिचं सासर, कापसाची आडत असलेलं मोठं घर. सुमन काटकुळी, डोळ्यांखाली काळं. दोनदा दिवस राहून गेलेले होते आणि आता तिसऱ्यांदा राहिले होते. माहेरी आई नव्हती, होती ती भावजय. सासूनं स्वच्छ सांगून ठेवलं होतं, "या खेपेले पोर नाई टिकलं, तं तुह्या भावाकडं पोचवून देईन. पोरासाठी दुसरी आनाव लागन." काकूंच्या कानावर हे आलं आणि दुसऱ्याच दिवशी त्या सासूला भेटून आल्या. मौनाच्या गुरुवारानं पोटातलं लेकरू टिकतं, असं त्यांनी इतक्या गंभीर चेहऱ्यानं सांगितलं, की सासूनं सुमनला हाताला धरून आणून सोडली.

त्या दिवसापासून काकूंचा स्वयंपाक बदलला. डिंक, खारका, तीळ, तूप, अळीव. सुमनच्या ताटाशी त्या स्वतः बसायच्या. सुमन आधी लाजायची, चोरटेपणानं खायची, दाराकडे पाहत. हळूहळू तिचे गाल भरले, चालणं सुधारलं. पाचवा लागला, सहावा लागला. सासू साऱ्या गावाला सांगत सुटली की गुरुवारानं पोरीचं रूप पालटलं. आम्ही मनात हसत होतो. हीच आमची चूक. व्रताला इतकं फळ येताना पाहून सासूच्या मनात काय येईल, हे आमच्यातल्या एकीच्याही डोक्यात आलं नाही.

त्या गुरुवारी वडाभात होता. गरम भातावर कुस्करलेले वडे आणि वरून हिंग-मोहरीची, लाल मिरचीची कडकडीत फोडणी. पोथीची पाळी माझी होती. फोडणी नुकतीच पडली होती, आणि दारावर थाप पडली.

"काकू, दार उघडा. मी सुमनची सासू. पोथीले नारळ आनला. मले बी व्रत घ्याचं हाये."

माझं वाचन थांबलं. काकूंनी माझ्याकडे एकदाच पाहिलं आणि मी वाचू लागले, मघाचीच ओवी पुन्हा. नारळ घेऊन आलेल्या बाईला दारातून परत पाठवता येत नाही. जेवण लपवावं तर घरभर फोडणीचा वास, धुपाटण्याची काय कथा. काकूंनी भराभर सगळ्यांची ताटं एका परातीत रिकामी केली, ताटं ज्वारीच्या पोत्यामागे सरकवली. सगळ्यांनी हात पदराच्या आतल्या बाजूला पुसले आणि पोथीसमोर हात जोडून बसल्या. काकू मात्र परात पुढ्यात ओढून मधोमध बसल्या आणि एकीला खूण केली, उघड.

सुमननं थाप पडायच्या आधीच मोठा घास घेतला होता. तो गिळायला तिला सवड मिळाली नव्हती. ओठ घट्ट मिटून ती बसली होती आणि तिच्या गालाचा फुगवटा मला पोथीवरून दिसत होता.

सासू आत आली. वास आला, मग परात दिसली. हातातला नारळ तसाच. "हे काय वो काकू? गुरुवारी?"

"जेवून राह्यली," काकू म्हणाल्या.

"अन् या पोरी?"

"पोरी उपाशी हायेत. व्रत त्याह्यचं. माह्यानं उपास निघत नाई."

"म्हंजे इतके वर्सं..."

"इतके वर्सं," काकू म्हणाल्या, आणि तिच्या डोळ्यांदेखत त्यांनी घास घेतला. सावकाश चावला, गिळला, दुसरा घेतला. मला वाचता वाचता अक्षरं दिसेनाशी झाली. ज्या बाईच्या उपासांचा गावात दाखला देत, ती आमच्यासाठी आपलं सगळं नाव त्या परातीत कालवून खात होती.

पण सासूला शंका आलीच. ती सुमनसमोर जाऊन उभी राहिली. "तू खाल्लं काय?" सुमननं मान हलवली, नाही. "तोंडानं सांग. पोटातल्या लेकराची आन हाये तुले."

सुमनचे डोळे भरले. तिनं तोंड उघडलं असतं तर तिथंच सगळं संपलं असतं. मी वाचत होते, आवाज चढवत होते, आणि मनात म्हणत होते, देवा, आज मला पोथीतलं काही नको, एवढा एक घास तिच्या तोंडात राहू दे.

"मौन मोडवू नका बाई तिचं," काकू पाटावरून न उठता म्हणाल्या. "दोन जिवाची पोर हाये. काई कमीजास्त झालं तं? पापी मी हावो. काय बोलाचं ते मले बोला."

लेकराचं नाव निघताच सासू कचरली. तिनं नारळ उंबऱ्याबाहेर ठेवला, सुमनला दंडाला धरून उठवलं आणि घेऊन गेली. सुमन तो घास तोंडात धरूनच रस्ता ओलांडून गेली. पलीकडचं दार लागेपर्यंत मी वाचत होते. काय वाचलं ते आजही सांगता येणार नाही.

संध्याकाळच्या आत गावभर झालं. ढोंगी म्हणाले, बाटगी म्हणाले. उद्यापनाची बोलावणी बंद झाली. शेजारणीनं विरजण द्यायचं थांबवलं. शाळेतली पोरं दारावरून जाताना "वडाभात!" म्हणून ओरडायची. आम्हांला त्या घराची पायरी चढायची बंदी झाली. मी एकदा विहिरीवर त्यांना गाठून म्हटलं, आम्ही खरं सांगून टाकतो. त्या माझ्यावर इतक्या चिडल्या की मी मागे सरले. "तोंड उघडलं तं सुमनचं घर उठन. माह्या घरातून उठाले हाये कोन? पानी भर अन् चाल."

वर त्या माझ्या एका रिकाम्या घागरीत फडक्यात बांधलेले डिंकाचे लाडू टाकायच्या. सुमन अवघडलेली, म्हणून विहिरीवरून तिच्या मागच्या दारी मीच पाणी पोचवत होते, त्याबरोबर लाडूही जायचे. तिचे दिवस भरेपर्यंत असं चाललं. काकू मात्र वाळत गेल्या. एकदा म्हणाल्या, "एकटीसाठी फोडणी द्याव वाटत नाई वो." त्यांच्या तोंडून जेवणाबद्दल असं वाक्य मी कधी ऐकलं नव्हतं. मला फार वाईट वाटलं.

सुमनला मुलगी झाली. चांगली गुटगुटीत. सासूला मुलगा हवा होता, पण पोर टिकलं यातच तिला गगन ठेंगणं झालं होतं. बारशाला तिनं रस्त्यापर्यंत मंडप घातला आणि सगळं गाव बोलावलं. समोरच्या एका घराला तेवढं बोलावणं नव्हतं. काकू आपल्या ओट्यावर तांदूळ निवडत बसल्या होत्या, मंडपाकडे पाठ करून.

पुरुषांची पंगत बसली. पत्रावळी मांडल्या, पाणी फिरलं, आम्ही सुना वाढायला उभ्या. तेवढ्यात सुमन स्वयंपाकघरातून बाहेर आली. एका खांद्यावर मुलगी आणि एका हातात भरलेलं ताट. पुरणपोळी, वर तूप, कढी, भजी. भर पंगतीमधून ती चालत गेली, रस्ता ओलांडला आणि ताट काकूंच्या पुढ्यात ठेवलं.

"सुमन!" सासू मंडपातून कडाडली.

सुमन वळली. पदर सरळ होता, आवाजही. "आत्याबाई, त्या गुरुवारी माह्यं मौन नोतं. तोंडात घास होता. काकूनं वाढलेला. दर गुरुवारी मी इथं पोटभर जेवली, म्हून हे पोर आज हातात हाये. आता मले भावाकडं पाठवाचं असन तं पाठवा."

सुमनचा नवरा पत्रावळीवर हात ठेवून तसाच बसून राहिला. काकू उठू पाहत होत्या, "येडी झाली काय," म्हणत होत्या, पण सुमननं त्यांचा हात धरून त्यांना खाली बसवलं आणि पोळीचा पहिला तुकडा मोडून त्यांच्या तोंडाशी नेला.

माझ्या हातात भाताचं पातेलं होतं. ते मी खाली ठेवलं. कसं ठेवलं ते ठाऊक नाही, पाय आपोआप रस्त्याकडे निघाले. माझ्यामागून दुसरी आली, मग तिसरी, चौथी. पोळ्यांची टोपली कोणीतरी बरोबर आणली होती. भर दुपारी, साऱ्या गावासमोर, आम्ही काकूंच्या ओट्यावर ओळीनं बसलो. मला माझ्या सासऱ्यांचा चेहरा दिसत होता, तरी मी घास घेतला.

मंडपात आता वाढायला कोणीच नव्हतं. फक्त सुमनची सासू, तुपाची लोटी हातात घेऊन उभी. तिचा चेहरा लालबुंद झाला होता. ती सुमनकडे पाहत होती, मग मुलीकडे, मग आमच्या हातांतल्या पोळ्यांकडे. पंगतीतून एका थोर पाहुण्यांनी विचारलं, "काय वो बाई, वाढता का नाई?"

सासूनं लोटी खाली ठेवली.

"थांबा जरा," ती म्हणाली. "पोरी जेवून राह्यल्या."