इनासकाकांसाठी लिहिलेला मार्च

सुरेश,

मी घर सोडलं त्या सकाळी आबा बँडचा लाल कोट घालूनच मिरजेच्या स्टँडवर आले होते. नऊला वरात होती. तू टेम्पोत वाद्यं भरत होतास, म्हणून आला नाहीस. मला स्वतःच्या चाली लिहायच्या होत्या आणि आबांच्या बँडला सिनेमाची गाणी पुरत होती. एवढ्यावरून आम्ही वर्षभर धड बोललो नव्हतो. गाडी हलताना ते खिडकीशी येऊन म्हणाले, "वरातीत माणूस ओळखीच्या गाण्यावर नाचतो, पोरा. तुझं गाणं कोण ओळखणार?" रागाने नाही, काळजीनेच.

इथे सांडोर गावातल्या ख्रिस्ती मंडळींच्या बँडला नोटेशन शिकवणारा माणूस हवा होता. सण, लग्न, मयत, सगळीकडे तो बँड वाजायचा. त्या मंडळींनीच सातिवलीच्या एका गाळ्यात मला पॅकिंगची नोकरी बघून दिली. राहायला बोळिंजला तिसऱ्या मजल्यावर वन रूम किचन. पहिल्याच आठवड्यात सोसायटीच्या सेक्रेटरींनी दार वाजवलं. "मास्तर, वाजवायचं तर बाहेर वाजवा. इथे सगळे थकून येतात हो." तेव्हापासून घरात कॉर्नेट ओठाला लावला नाही. वीस वाद्यांचं संगीत टेबलावर बोटं आपटत लिहायचो. आपल्या घरात आंघोळीला जातानासुद्धा कुणीतरी सूर धरलेला असायचा. इथे कुकरची शिट्टी, बस.

आबा गेले तेव्हा माझ्या हातात मडकं होतं आणि तुझ्या हातात कॉर्नेट. मागून तू त्यांची आवडती गाणी संथ करून वाजवत होतास. बँड वाजतोय आणि मी त्यात नाही, असं आयुष्यात पहिल्यांदाच झालं. इतकी वर्षं चाली लिहिल्या, पण बापासाठी एक ओळ लिहिली नव्हती.

परत आल्यावर हे फक्त इनासकाकांना सांगितलं. सत्तरीचे, केळीचे बागायतदार. बँडमध्ये युफोनियम वाजवायचे, ते छातीशी धरायचं खोल आवाजाचं पितळी वाद्य. काका म्हणाले, "मग माझ्यासाठी लिवा, मास्तर. पण आत्ता. माझ्या मयतीचं मला वाजवून बघायचंय."

मी हसलो. ते हसले नाहीत.

मी मार्च लिहिला, मयतीबरोबर संथ चालत वाजवायची धून. तालमीत तो वाजवताना काका कुरकुरायचे, "माझ्या वाट्याला नुसतं भों भों दिलंय. मधे मला जरा गाऊ द्या की!" मग मधला एक तुकडा त्यांना एकट्याला दिला. ते डोळे मिटून वाजवायचे आणि बाकीचे खाली मान घालून ऐकायचे.

दोन वर्षांनी काका गेले. त्यांची बायको, मार्थाकाकी, मला म्हणाली, "त्यांच्या जागी कुणाला उभं करू नका." देवळाकडे, म्हणजे इथल्या चर्चकडे, जाताना तो तुकडा आला तेव्हा मी ताल देणारा हात चालू ठेवला. कुणीच वाजवलं नाही. ढोलाचा ठोका आणि चालणाऱ्यांच्या चपला, एवढंच ऐकू येत होतं.

आता गावात कुणी गेलं की घरचे म्हणतात, "मास्तर, इनासचं वाजवा." हे आबांना कळायला हवं होतं.

तू लिहिलंस की डीजेपुढे आपला बँड टिकला नाही, वाद्यं शाळेला देऊन टाकली. माझ्यासाठी वरची खोलीही रंगवून घेतलीस. "दादा, आता तिथे कुणासाठी राहतोस?" असं विचारलंस. दिवाळीला चार दिवस येईन. राहायला नाही येणार.

रविवारी तालमीला मला उशीर झाला तरी ही माणसं सुरू करत नाहीत. मी हात वर करतो, वीस जण श्वास भरून घेतात आणि थांबतात. हात खाली येईपर्यंतचा तेवढा वेळ, तेच आता माझं घर आहे, सुरेश. तालीम संपली की सगळे आपापल्या घरी जातात आणि मी बोळिंजची बस धरतो.