सरळ लावलेल्या पट्ट्या

त्या दिवशी त्या खोलीत आम्ही चौघं होतो. मशीन सांभाळणारी नसरीन, मोठे डॉक्टर, शिपाई दत्तू, आन् झाडूपोछा करणारी मी, कौसाबाई. खरं काय ते चौघांतल्या एकीलाच ठाऊक होतं. मी ते आजवर कुणाला सांगितलं नाय — घरात नाय, देवापुढं बी नाय. आज नात लिहून घेतीय. मी चौथी शिकलेली. आकडे तेवढे वाचता येतात.

छावणीजवळच्या एका दवाखान्यात मी कामाला होते. तिथं थंडगार खोलीत एक मशीन होतं, सर्व्हर म्हणायचे त्याला. सगळ्या पेशंटांचे एक्स-रे, रिपोर्ट त्याच्यात. पुढून आठ खाने, दर खान्यात एक डिस्क, साबणाच्या डबीएवढी. मशीन आतून एकेकीला नंबरानं ओळखायचं, पन ते नंबर खान्यांच्या ओळीशी जुळायचेच नाय. आतल्या वायरीच उलट्यासुलट्या. म्हणून नसरीननं अख्खा दिवस घातला. ती कॉम्प्युटरवरून एकेका नंबराचा दिवा लुकलुकायला लावायची, मी समोर उभी राहून सांगायची — हा, वरचा, डावीकडचा. मग ती तिथं नंबराची कागदी पट्टी चिकटवायची.

"मावशी, याला तर मोजताच येत नाय! शून्यापासून सुरू करतंय."

"माझी सासू बी तसंच मोजायची," मी म्हणलं. "मी केलेलं काम — शून्य."

लई हसली होती पोरगी.

मग खंडेनवमी आली. हत्यारा-मशीनींची पूजा. नसरीन सुट्टीवर, दत्तू झेंडू आणायला गुलमंडीच्या बाजारात गेलेला. पूजेआधी स्वच्छ करावं म्हणून मी मशीनच्या तोंडावरून ओला कपडा फिरवला — आन् पट्ट्या निघाल्या. आठच्या आठ, कपड्याला चिकटून.

आता ऐका. त्या ओळीनं नव्हत्या, हे मला ठाऊक होतं. मीच तर जागा सांगितल्या होत्या ना? पन एक बी आठवंना. नसरीनचा नंबर माझ्या फोनात होता. नाय केला फोन. पट्ट्या वाळवल्या, डिंक लावला, शून्य, एक, दोन, तीन — सरळ ओळीनं लावून टाकल्या. का? सरळ ओळ बघून कुणी काय विचारत नाय म्हणून. वर कुंकवाचं बोट बी टेकवलं.

त्यापुढं रोज तिच्यासंगं चहा पिला. रोज जिभेवर यायचं. रोज गिळलं.

संक्रांतीच्या आसपास मशीन कोकलायला लागलं. नसरीन धावत आली, कॉम्प्युटरवर बघितलं. "पाच नंबर खराब झाली. बदलते. एक गेली तर चालतं, सर, दोन गेल्या की सगळं गेलं." डॉक्टर मागं उभे, "लवकर कर, लवकर." मी दारात, हातात पोछा. तिचा हात पाचाच्या पट्टीकडं गेला.

'थांब' — एवढंच म्हणायचं होतं. घोटभर पाणी प्यायाएवढा वेळ होता. मी तिच्या हाताकडं बघत राहिले.

तिनं ओढली ती चांगली डिस्क होती. खराब झालेली आतच राहिली. दोन गेल्या.

पेशंटांचे सगळे एक्स-रे, रिपोर्ट गेले. मग नसरीननं पट्ट्यांकडं नीट बघितलं. "मी अशा नव्हत्या लावल्या. मावशी, तुम्ही हात लावला होता का?"

"नाय बाई. मी कशाला लावू?"

"तिला यातलं काय कळतंय?" डॉक्टर ओरडले. "आपली चूक मावशीवर ढकलू नको." दत्तूनं मान डोलावली.

अडाणी, हिला काय कळतंय — जन्मभर ज्या बोलण्याचा मला राग आला, त्याच्याच आड मी लपले.

नसरीननं माझ्याकडं बघितलं. मग हळूच म्हणाली, "मग माझंच चुकलं असंल." आन् तिला ते खरं वाटलं! नोकरी तर त्याच आठवड्यात गेली. पन स्वतःच्या हातावरचा भरवसा गेला, तो कुणी नेला?

माझ्यासारख्या म्हाताऱ्या विधवेला दुसरं काम कुणी दिलं नसतं, हे खरं हाय. नसरीनच्या घरी अंथरुणाला खिळलेला बाप होता, हे बी खरं — आन् ते मला ठाऊक होतं.

ती आता शिवणकाम करती म्हणे. कॉम्प्युटरला हात लावत नाय. एकदा तिच्या गल्लीच्या तोंडापर्यंत गेले, आन् माघारी आले.

हे वाचणाऱ्या कुणाला ती भेटली, तर माझं नाव घेऊन सांगा — पट्ट्या तिनं बरोबर लावल्या होत्या.