सभापतींची हजेरी

सभापती हजेरी घेतल्याशिवाय कुठलंही काम सुरू होऊ देत नसत. शाळेत नव्हे हो, शाळेतली हजेरी मी घ्यायचे, मला त्याचा पगार होता. हे गृहस्थ लग्नात हजेरी घ्यायचे! एकदा अंतरपाट धरलेला, भटजी मंगलाष्टकाला तोंड उघडतायत, आणि सभापतींनी खिशातून वही काढली. मामा हजर, वरमाय हजर, वाजंत्री हजर. नवरदेव मुंडावळ्यांतून लाजत ‘हजर’ म्हणेपर्यंत अक्षता मुठीतच राहिल्या.

हे कसले सभापती, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. दिघीजवळच्या आमच्या वाडीचे ते साधे पंच. पण चार माणसं एका जागी दिसली की पुढं उभं राहून ‘सभेला सुरुवात करू या’ म्हणायची खोड, म्हणून लोकांनीच पदवी देऊन टाकली. हजेरीचं वेड मात्र नवं होतं. पन्नास सालानंतर पिंपरीकडं कारखाने उभे राहू लागले, तेव्हा हे एकदा तिकडं पाहुण्याकडं गेले आणि गेटावर माणसं ओळीनं हजेरी लावताना पाहून आले. आल्या आल्या मला म्हणाले, “बाई, हजेरी लागली की मानूस मोजला जातो बघा. आपल्या म्हाताऱ्यांना मोजतंय कोन?”

मी तेव्हा वाडीच्या शाळेवर नवीनच लागलेली, बावीस वर्षांची आणि नाकावर राग. हसले मी. पण आठ दिवसांत त्यांनी प्रौढांचा वर्ग उघडला. ठकूबाई नावाच्या एका विधवा म्हातारीचं ओढ्याकाठी वावर होतं. जगात तिचं म्हणून तेवढंच. त्या वावरातल्या चिंचेखाली रोज दुपारी तीनला चौदा म्हातारे-म्हाताऱ्या जमायला लागल्या. खडू अर्थातच माझ्या शाळेतले.

वर्गाचा नियम असा, की ज्यानं त्यानं वहीत आपल्या नावापुढं स्वतःच्या हातानं ‘हजर’ लिहायचं. पेन्सिल एक आणि चष्मा एक, तोही कुणाच्या तरी मेलेल्या सासऱ्याचा. चष्मा ओळीनं फिरायचा. ज्याच्या नाकावर चष्मा तो विद्यार्थी, बाकीच्यांनी तंबाखू मळायची. चौदावा ‘हजर’ लिहून होईस्तोवर उन्हं उतरायची, गुरं घरी यायची आणि वर्ग सुटायचा. वर्षभर हेच चाललं! मी भडकले. म्हटलं, “सभापती, बारा महिन्यांत एक शब्द? अहो, आधी वाचायला तर शिकवा.”

“वाचन पळून जातंय व्हय?” ते म्हणाले. “मानसं जातील. आधी मानसं लावून घिऊ.”

कुणी आलं नाही की सभापती अख्खा वर्ग उठवून त्याच्या घरी न्यायचे. धोंडिबा नावाचा म्हातारा तापानं पडला, तर तेरा जण त्याच्या वाकळेभोवती जाऊन बसले. कुणी पेज आणली, कुणी पाय चेपले, सभापतींनी भोसरीहून डॉक्टर आणला. जाताना धोंडिबाच्या नावापुढं स्वतःच ‘हजर’ लिहिलं. मी म्हटलं, ही खोटी हजेरी झाली. तर म्हणतात, “वर्ग त्याच्याकडं आला न्हवं? मग त्यो हजरच.” अशा माणसाशी वाद घालून आपलंच डोकं दुखतं.

एक मात्र त्यांनी अंगात आल्यासारखं केलं. वर्षाच्या शेवटी सगळ्यांना उभं करून जाहीर केलं, “आजपास्नं अंगठा बंद! अंगठा फकस्त तंबाखूला.” आणि प्रत्येकाला शपथ घालून अंगठ्याला दोरा बांधला. म्हातारी माणसं इतकी हरखली, की कुठं काही लिहायला मिळतंय का हेच शोधत फिरायची. भिंती झाल्या, गोवऱ्या झाल्या, ठकूबाईनं तर भोपळ्यावरसुद्धा कोळशानं काहीतरी गिरगटून ठेवलं.

नेमके सभापती वर्गासाठी फळा आणायला पुण्याला गेलेले, मी शाळेत, त्या दुपारी एक दलाल चिंचेखाली आला. जिभेवर नुसती साखर. म्हणाला, वर्गाला पक्की खोली बांधायचा अर्ज आहे, आजीबाईंनी सही करावी, बाकीच्यांनी साक्ष घालावी. अंगठ्यासाठी त्यानं शाईची गादी काढली, तर चौदा जण त्याच्यावर खेकसले, “अंगठा न्हाई! आमी लिवनार!” चष्मा फिरला, सगळ्यांनी लिहिलं, आणि दलालानं एस्टी चुकेल म्हणून कागद तसाच घडी करून पिशवीत कोंबला.

संध्याकाळी सभापती डोक्यावर फळा घेऊन आले. म्हाताऱ्यांनी अभिमानानं सगळं सांगितलं. सभापतींनी फळा तसाच खाली टाकला. तो दलाल अर्ज म्हणून खरेदीखतावर सह्या घेतो आणि ओढ्याकाठच्या जमिनी लाटत फिरतोय, हे त्यांना पुण्यात कळलं होतं. म्हणजे ठकूबाईचं वावर गेलं, चिंच गेली, म्हातारी उघड्यावर आली. मी खरं तर म्हणायला हवं होतं की बघा, सांगत होते ना, आधी वाचन! पण त्यांचं तोंड बघून मी नुसता पडलेला फळा उचलून चिंचेला टेकवला. “बाई,” ते म्हणाले, “म्या त्यांला लिवायला लावलं, आन् काय लिवलंय त्ये वाचायला न्हाई शिकवलं. ह्ये पाप माजं.” त्या दिवशी त्यांनी हजेरी घेतली नाही.

पुढं दलालानं वावर नावावर करायला तो कागद मामलेदार कचेरीत दिला, आणि तिथून ठकूबाईला बोलावणं आलं. सभापतींनी दोन बैलगाड्या जुंपून अख्खा वर्ग नेला, मलाही ओढलं. कचेरीत हात जोडून ते म्हणाले, “सायेब, चूक माजी हाय. सजा मला द्या, म्हातारीचं वावर ऱ्हाऊ द्या.” मामलेदारांनी कागद उघडला, वाचला, पुन्हा वाचला. मग दलालाला विचारलं, “यावर सही कुठाय?”

“ही काय साहेब, चौदा सह्या.”

“चौदा ठिकाणी ‘हजर’ लिहिलंय. चौदा जण हजर होते, एवढंच कळतंय यावरून.”

मी कपाळाला हात लावला. अहो, बरोबरच होतं! दुसरं येत होतं काय त्यांना? दलालाचा चेहरा पडला, पण मेला खमक्या. म्हणाला, मग आत्ता अंगठा घ्या म्हातारीचा. ठकूबाईनं झटकन हात पदराखाली घेतला. “अंगठा बंद हाय. दोरा बांधलाय.” मामलेदारांनी तिला जवळ बसवून कागद शब्दन् शब्द वाचून दाखवला. ऐकून ती दलालाकडं वळली आणि तिनं त्याच्या सात पिढ्यांची अशी काही हजेरी घेतली, की शिपाई बाहेरून धावत आला. वावर वाचलं.

परत येताना गाडीत सगळे हसत होते. सभापती रडत होते. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी वर्ग माझ्या हाती दिला आणि स्वतः ओळीत पंधरावे बसले. “तुमी वाचन घ्या,” म्हणाले, “हजेरी मी आटपतो.” तीन वर्षांत म्हातारे नावं लिहायला लागले, कागद वाचायला लागले. धोंडिबा तर प्रत्येक नोटिशीत चुका काढायचा. नावापुढं मात्र रोज सगळे ‘हजर’च लिहायचे.

मग एका उन्हाळ्यात सभापती अंथरुणाला खिळले. वर्ग त्यांच्या ओसरीवर भरायला लागला. आणि एका सकाळी ते गेले. मला त्या माणसानं किती भांडायला लावलं होतं, आणि त्या दिवशी भांडायला कुणी उरलं नाही म्हणून मी हमसून रडले.

त्यांना न्यायच्या आधी ठकूबाईनं माझ्याकडं वही मागितली. चष्मा लावला, बोट फिरवत त्यांचं नाव शोधलं आणि त्यापुढं सावकाश ‘हजर’ लिहिलं.

“आजी,” मी म्हटलं, “अहो, ते गेले.”

“वाचता येतंय मला आता, काय लिवलंय त्ये,” ती म्हणाली. “वर्ग त्याच्याकडं आलाय न्हवं?”

मी वही घेतली आणि पहिलं नाव पुकारलं.