भिंतीतली खाच

मंठ्यात आम्ही घर बांधलं तेव्हा पुढच्या दोन खोल्यांवर स्लॅब पडला आणि मागच्या स्वयंपाकघरावर पत्रे आले. दोन्हींच्या मधली भिंत तिसऱ्या पावसाळ्यात ओली व्हायला लागली. आधी वर हातभर डाग, मग पोपडे, मग डब्यांच्या फळीमागे काळी बुरशी. स्लॅब गळतोय, असं मी ठरवून टाकलं. मी शाळेत विज्ञान शिकवतो. माझ्या निदानावर घरात कोणी शंका घेत नसे. लागोपाठ दोन उन्हाळे मी स्लॅबवर लेप दिला. ओल तशीच राहिली.

माय आमच्याकडेच राहते. तिनं वीस-बावीस वर्षं मिस्तऱ्यांच्या हाताखाली माल कालवला, पाट्या वाहिल्या. माझं शिक्षण त्यावरच झालं. नोकरी लागल्यावर मी तिचं काम सोडवलं, आणि हळूहळू त्या कामाबद्दल बोलणंही घरातून बंद झालं. पाहुण्यांना मी ती घरीच असते एवढंच सांगायचो. स्लॅबचा दोष नाही, असं ती दोनदा म्हणाली होती. मी ऐकून घेतलं होतं, इतकंच.

एका रविवारी पावसानं उघडीप दिली होती. तिनं मला नळी घेऊन गच्चीवर पाठवलं. पाणी जायच्या तोंडात फडकं कोंबून मी स्लॅबवर पाणी साचवलं. ती खाली भिंतीकडे बघत बसली. तासभर काही झालं नाही. मग तिनं पत्र्याच्या वर जी भिंत उघडी राहते, तिच्यावर पाणी सोडायला सांगितलं. दोन-तीन मिनिटांत तिची हाक आली.

"बंद कर. स्लॅबमधून न्हाई, सांध्यातून येऊन राह्यलं."

पत्रा उन्हात तापून पसरतो, भिंत जागची हलत नाही, मग मधे भरलेलं सिमेंट तडकतं, हे तिनं मला समजावलं. पदार्थांचं प्रसरण मी दरवर्षी सातवीला शिकवत होतो.

पुढच्या आठवड्यात मिस्तरी आला. काटकोनात वाकवलेली पत्र्याची पट्टी त्यानं सांध्यावर धरली आणि वरची कड प्लॅस्टरला खिळे मारून बसवायला लागला. माय शिडीखाली उभी होती. तिनं त्याला थांबवलं.

"वरची कड भिंतीच्या आत गेली पाहिजे. खाच पाड, पट्टी आत घाल, मंग सिमेंट भर. नुसती चिटकवली तर पाणी पट्टीच्या मागून उतरतं."

मिस्तरीनं माझ्याकडे पाहिलं.

"तिलाच विचारा," मी म्हणालो. "तिनं लई घरं बांधलीत."

परक्या माणसासमोर मी हे पहिल्यांदाच बोललो होतो. मायनं माझ्याकडे पाहिलं नाही. मिस्तरीनं तिला कोणाच्या हाताखाली काम केलं ते विचारलं. तिनं सांगितल्यावर तो तिला मावशी म्हणायला लागला, आणि पट्टीची खालची कड पत्र्यावर किती घ्यायची तेही त्यानं तिलाच विचारलं. वीतभर, म्हणाली.

त्यानंतर पाणी आलं नाही. भिंत सुकायला दिवाळी उजाडली.

आता बाजारात जाताना माय मधेच थांबते आणि एखादं घर दाखवते. याच्या पायापासून होते, म्हणते. त्यातलं एक आमच्या मुख्याध्यापकांचं निघालं. तिथं मी कितीदा तरी चहाला गेलो होतो.